हरिहरेश्वर ते मालवण किनाऱ्याने, ५ दिवसांत जमेल का?

पुणेरी_चाकं:
नोव्हेंबरच्या शेवटी ५ दिवस सुट्टी आहे, ताम्हिणीतून माणगाव-म्हसळा करत हरिहरेश्वर गाठायचं आणि मग हायवेला अजिबात न लागता किनाऱ्याने मालवण, असं डोक्यात आहे. पण गूगल मॅप सारखं मला मुंबई-गोवा हायवेवर नेऊन सोडतोय. मी, नवरा आणि सासूबाई, त्यांना घाटात गाडी लागते. रस्ता कसा आहे, मुक्काम कुठे करावेत, छोटी हॅचबॅक चालेल का?

खाडीपलीकडचा:
गाडी कुठलीही चालेल हो. मॅप खाड्यांना घाबरतो, म्हणून हायवे दाखवतो. तुम्ही शेवटच्या ठिकाणाचं नाव टाकूच नका, पुढच्या जेटीचं टाका. बागमांडला-वेश्वी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, अशा तीन फेरीबोटी लागतात, गाडीसकट चढायचं. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, फेरी डोळ्यासमोर सुटली की पुढचीची वाट बघत बसायचं, त्यामुळे दिवसाला एकच मोठी खाडी धरा. मला एकदा रिव्हर्समधे चढवायला लावली होती आणि मागून पाच जण पाच वेगवेगळ्या दिशेला हात करत होते, बंपरला अजून खूण आहे. दाभोळला वेळ मिळाला तर जेटीजवळच आदिलशाहीतली मशीद आहे, बघून घ्या.

सडेफटिंग:
वेश्वीला उतरल्यावर मंडणगड-दापोलीकडे वळू नका, बाणकोट-केळशी-आडे-पाडले-आंजर्ले-हर्णै असं जा. आडे ते आंजर्ले रस्ता अक्षरशः समुद्राला चिकटून आहे, अरुंद आहे, समोरून एसटी आली की कोणीतरी मागे जायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीवरून खाली माडांची वाडी आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, घ्यायचं नसलं तरी उभे रहा, फक्त चपला जुन्या घाला.

पुणेरी_चाकं:
अहो पण मालवणचं काय? ५ दिवसांत होईल ना?

खाडीपलीकडचा:
होईल, पण मग नुसती गाडी हाकाल. माझं ऐका, रत्नागिरीत थांबा आणि आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे परत या. हर्णै किंवा आंजर्ल्याला एक मुक्काम, गुहागरला दोन, मालगुंड-गणपतीपुळे भागात एक. आरे-वारेचा रस्ता दुपारी तीन-चारनंतर करा, वरच्या वळणावरून खाली दोन्ही किनारे दिसतात, भर उन्हात नुसती झळ लागते. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, कवितेशी देणंघेणं नसलं तरी जा.

माहेर_देवगड:
रत्नागिरीत थांबा काय! खरी मजा तर पुढेच आहे. पावस, पूर्णगड, आडिवरे, मग कशेळीचा कनकादित्य आणि त्याच गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, कातळात खोदलेला भलामोठा हत्ती, जैतापूरचा पूल ओलांडून विजयदुर्ग, मग आमचं देवगड-कुणकेश्वर. सड्यावर मैलोनमैल जांभा आणि वाळलेलं गवत, मग एकदम उतार आणि खाली खाडी, नारळी-पोफळी, परत चढ. सासूबाईंना घाटापेक्षा हीच चढ-उतार लागेल, सकाळी नुसती पेज द्या आणि आवळा सुपारी जवळ ठेवा. बाकी ५ दिवसांत नाही बसणार हे मान्य, ७ काढा.

सडेफटिंग:
जेवणाचं राहिलंच, घरगुती खानावळींना सकाळीच फोन करून सांगा, दुपारी दीडला अचानक गेलात तर वरणभात मिळेल फारतर, मोदक तर आदल्या दिवशीच सांगायचे. पेट्रोल दापोली-गुहागरसारख्या मोठ्या गावातच भरून घ्या. आणि उत्तरेकडून खाली जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. शेजारी बसणाऱ्याला बहुतेक वेळ दरड आणि करवंदाच्या जाळ्याच दिसतात, आमच्याकडे यावरून भांडण झालेलं.

पुणेरी_चाकं:
ठरलं, यंदा रत्नागिरीपर्यंतच, देवगडवाल्या ताई रागावू नका, पुढच्या वर्षी नक्की. सासूबाई पुढे बसतील, हे मागे, आणि गाडी मी चालवणार. ह्यांना अजून सांगितलेलं नाहीये.