शब्दचर्चा : जपानी कराओकेतलं ‘लोकप्रिय’ गाणं

विचारणा

माझी भाची नववीत आहे आणि पुण्यात जपानी शिकते. त्यांच्या वर्गाने जपानी गाण्यांची कराओके-संध्याकाळ ठरवली आहे. पत्रिका मराठी आणि जपानी अशी दोन्ही भाषांत करायची आहे. ‘लोकप्रिय गाणी’ यातल्या ‘लोकप्रिय’साठी शब्दकोशात ‘निंकी’ सापडला. तो इथे चालेल का? आणि मराठीत कराओके लिहावं, काराओके की कॅरिओके?

उत्तर

‘निंकी’ चालेल, व्याकरणाने त्यात काही वावगं नाही. पण तो फार पसरट शब्द आहे. नट, खेळाडू, बिस्किटं, सगळ्यांनाच लागतो. जपानी शाळकरी मुलं कराओकेच्या खोलीत बसून गाणं निवडतात तेव्हा त्यांच्या तोंडी तीन वेगळे शब्द असतात, आणि त्या तिन्हींना आपण ‘लोकप्रिय’ म्हणून मोकळे होतो. पत्रिकेत हे तिन्ही वेगळे दिसले तर मजा येईल.

पहिला ‘तेइबान’ (उच्चार ‘तेऽबान’). हा मूळचा दुकानदारीतला शब्द. फॅशन बदलली तरी ज्या मालाचा क्रमांक यादीतून निघत नाही, जो बारा महिने विकला जातो, तो तेइबान. गाण्याला लावला की अर्थ होतो ‘हमखास गाणं’. उदाहरण घ्यायचं तर १९९५च्या ‘इव्हान्गेलिऑन’ या ॲनिमे मालिकेचं शीर्षकगीत, ‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’. आज ते गाणाऱ्या मुलांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, तरी ते सगळ्यांना येतं. ओकिनावाच्या मोंगोल८०० या बँडचं २००१चं ‘चिइसाना कोइ नो उता’, म्हणजे ‘छोट्याशा प्रेमाचं गाणं’, हेही तसंच. एकाने सुरू केलं की सगळे गळे काढतात.

दुसरा ‘मोरिआगारु’. हे क्रियापद आहे आणि माझ्या फार आवडीचं आहे. ‘मोरु’ म्हणजे रास रचणे, वाढताना वाडगा वरपर्यंत भरणे. ‘आगारु’ म्हणजे वर चढणे. आपल्याकडे धान्य मोजताना मापाच्या काठावर जो ढीग चढतो त्याला शीग म्हणतात, आणि त्यावरूनच ‘उत्साह शिगेला पोचला’ आलं. मोरिआगारुत अगदी तेच चित्र आहे. त्यामुळे ‘मोरिआगारु क्योकु’चं (क्योकु म्हणजे गाणं) भाषांतर मी ‘धमाल गाणं’ असं करणार नाही. ‘रंगत शिगेला नेणारं गाणं’ म्हणेन. योआसोबी या जपानी जोडीचं २०२३चं ‘आयडॉल’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात चाहत्यांच्या आरोळ्या गाण्यातच बांधलेल्या आहेत, त्यामुळे ज्याच्या हाती माइक नाही त्यालाही काम मिळतं.

तिसरा ‘ओहाको’. हा लिहितात ‘अठरा क्रमांक’ या अक्षरांनी (१८साठीची अक्षरं आणि पुढे ‘बान’), पण वाचतात ओहाको. एकोणिसाव्या शतकात सातव्या इचिकावा दान्जुरो या काबुकी नटाने आपल्या घराण्याची खास १८ नाटकं निवडून यादी केली होती, तिच्याशी हा शब्द जोडला जातो. ‘हाको’ म्हणजे पेटी. पेटीत जपून ठेवलेलं ते ओहाको, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती मान्य केली नाही तरी मराठी प्रतिशब्द आयताच हाताशी आहे : ठेवणीतलं गाणं. ‘ओहाको वा नानी?’ म्हणजे ‘तुझं ठेवणीतलं कोणतं?’ ‘हातखंडा’ही चालेल, पण त्यात कौशल्याचा भार जास्त आहे. ओहाको गाणारा बेसूर असला तरी चालतो, गाणं त्याचं म्हणून ओळखलं गेलं की झालं.

लेखनाबद्दल : मूळ शब्द ‘कारा’ (रिकामा) आणि ‘ऑर्केस्ट्रा’चं जपानी लघुरूप ‘ओके’ मिळून झाला. जपानीत चारही अक्षरं सारख्याच लांबीची. स्वर ‘आ’सारखा उघडा, पण ऱ्हस्व. ऱ्हस्व ‘आ’साठी मराठीत चिन्ह नाही, म्हणून ‘कराओके’ आणि ‘काराओके’ दोन्ही थोडे चुकतातच. रुळलेलं ‘कराओके’ ठेवावं. ‘कॅरिओके’ मात्र इंग्रजीच्या वाटेने आलेला उच्चार आहे. जपानी शिकणाऱ्या मुलांच्या पत्रिकेवर तो नको.

आणखी एक शंका

पत्रिकेत ‘सर्वांनी साथ द्या’ असं लिहायचं आहे. जपानीत ‘आइनोते’ सुचवलं गेलं. पण साथ म्हणजे तबला-पेटीची ना?

उत्तर

आइनोते बरोबर आहे, ‘साथ’ तेवढा अपुरा पडतो. शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्यावरच्या जुन्या गाण्यांत दोन ओळींच्या मध्ये नुसतं वादन येतं, त्याला आइनोते म्हणत. पुढे मधल्या जागा भरणाऱ्या टाळ्या आणि आरोळ्याही त्यात आल्या. आपल्याकडे हे काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाहिरामागे उभे राहून ‘जी जी रं जी’ करतात ते झीलकरी. ‘सर्वांनी झील धरा’ असं लिहा. मुलांना शब्द नवा वाटेल, एकदा ऐकवलात की लक्षात राहील.

‘साबी’ हा आणखी एक शब्द लागेलच. गाण्याचा सर्वांत उठावाचा, पुन्हा पुन्हा येणारा भाग म्हणजे साबी. त्याला डोळे मिटून ‘मुखडा’ म्हणू नका. आपला मुखडा आधी येतो. जपानी गाणं बहुधा ‘ए-मेरो’, ‘बी-मेरो’ (‘मेरो’ म्हणजे मेलडी, चाल) अशा दोन पायऱ्या चढून साबीवर पोचतं. साबी आरंभीच आली तर तिला वेगळं नाव आहे, ‘आतामा-साबी’. आतामा म्हणजे डोकं. ‘ध्रुवपद’ त्यातल्या त्यात जवळचं, कारण ते जागेपेक्षा परतून येण्यावर बोट ठेवतं.

त्याच भाचीची विचारणा

मला आदो या जपानी गायिकेचं ‘उस्सेवा’ हे गाणं म्हणायचं आहे. बाई म्हणतात, नाव पत्रिकेत छापण्यासारखं नाही. त्याचा अर्थ एवढा वाईट आहे का? आणि माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही, तर काय म्हणून सांगू?

उत्तर

वाईट नाही, उद्धट आहे. ‘उरुसाइ’ म्हणजे गोंगाट करणारा, कटकट्या. समोरच्याच्या तोंडावर म्हटलं की ‘गप्प बस’. बोलण्यात घासून त्याचं ‘उस्से’ झालं आणि शेवटी ठसक्यासाठी ‘वा’. मी ‘पुरे तुमची कटकट!’ असं करेन. गाणं २०२०मध्ये आलं तेव्हा आदो १७ वर्षांची होती आणि शहाणपण शिकवणाऱ्या मोठ्यांवरचा राग त्यात सरळ ओतलेला आहे. तुझ्या वयाच्या मुलांनी ते गावं हे अगदी रास्त आहे, बाईंना तसं सांग. पत्रिकेत मूळ नावच राहू दे, खाली अर्थ नको.

आवाजाचं म्हणशील तर ध्रुवपदात तो एका झटक्यात वर फेकावा लागतो. घसा ताणून गाऊ नकोस. ‘की सागेते’ म्हण, म्हणजे ‘पट्टी उतरव’. यंत्रावरची एक पायरी म्हणजे अर्धा स्वर, काळी एकवरून पांढरी एक. दोन-तीन पायऱ्या उतरवून बघ. मूळ पट्टीला ‘गेन-की’ म्हणतात. ‘कशी आहेस’मधला ‘गेन्की’ वेगळा, त्याची ‘की’ ऱ्हस्व असते आणि या ‘की’चा स्वर लांबवायचा. ऑफिशियल हिगे डँडिझम या बँडचं ‘प्रिटेंडर’ (२०१९) गाणाऱ्या मुलांनाही हेच सांग. त्यात पुरुषाचा आवाज इतका उंच जातो की मूळ पट्टीत भल्याभल्यांची दमछाक होते.

गुण देणारं यंत्र लावणार असाल तर पडद्यावर ‘शाकुरी’ आणि ‘कोबुशी’ असे आकडे दिसतील. स्वराला किंचित खालून उचलून धरणं म्हणजे शाकुरी. कोबुशी म्हणजे आपल्या मुरकीच्या जवळची चटकन घेतलेली वळणं. तू शास्त्रीय शिकत असशील तर कोबुशीचे गुण तुला आपोआप मिळतील.