शब्दचर्चा: ‘सर्वांत वाईट बचावपटू’ म्हणताना नेमकं काय म्हणायचं असतं?

निळी रेषा

आइस हॉकीवर मराठीत लिहिताना अडणारे काही शब्द इथे मांडतेय. संदर्भ कॅनडातल्या टोरंटो मेपल लीफ्स या संघाचा आहे. या संघाने स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं अजिंक्यपद, शेवटचा जिंकला तो १९६७ साली. त्यामुळे चाहत्यांचा राग साचलेला, आणि तो सगळ्यात आधी निघतो बचावावर. ‘आपल्या संघाचा आजवरचा वर्स्ट डिफेन्समन कोण?’ हा वाद तिथे कधीच विझत नाही. हे वाक्य मराठीत आणायचंय.

डिफेन्समनला ‘बचावपटू’ लिहिलं, पण ‘पटू’ म्हणजे तरबेज. मग ‘वाईट बचावपटू’ हे ‘वाईट तरबेज’ म्हटल्यासारखं होत नाही का? दुसरं, ‘वर्स्ट’साठी वाईट, सुमार, गचाळ, ढिसाळ, कुचकामी, टाकाऊ असे सहा शब्द समोर आहेत आणि एकही सगळीकडे बसत नाही. तिसरं, ‘ऑल टाइम’ला सार्वकालिक म्हणावं की आजवरचा?

अनुस्वार

पहिल्या शंकेचं आधी. संस्कृत ‘पटु’चा अर्थ निपुण हे बरोबर, पण मराठीत त्याचा प्रत्यय होऊन जमाना झाला. धावपटू शेवटचा आला तरी धावपटूच असतो, क्रिकेटपटू शून्यावर बाद झाला तरी क्रिकेटपटूच. ‘पटू’ आता फक्त ‘तो खेळ किंवा ते काम करणारा’ एवढंच सांगतो. ‘वाईट बचावपटू’ बिनधास्त लिहा. शेवटचा ‘टू’ दीर्घ, अनेकवचनी ‘बचावपटूंनी’.

‘रक्षक’ मात्र इथे टाळा. कबड्डीत कोपरारक्षक रुळलाय, पण हॉकीत गोलरक्षक शेजारीच उभा असतो आणि वाचक गोंधळतो. ‘बचावफळी’ हा समूहवाचक शब्द. एका खेळाडूला ‘लीफ्सची बचावफळी’ म्हणता येत नाही. ‘बचावपटू’चा आणखी एक फायदा म्हणजे तो स्त्री-पुरुष दोघांना चालतो, ‘डिफेन्समन’सारखा अडत नाही.

‘सर्वांत’ अनुस्वार देऊनच लिहावं, कारण अनेकांमधून एकाची निवड आहे. आणि ‘आजवरचा’ हेच मराठी वळण. ‘सार्वकालिक’मध्ये उद्याचा काळही येतो. सार्वकालिक सत्य असतं, सार्वकालिक वाईट खेळाडू नसतो. पुढच्या मोसमात त्याहून वाईट कुणी येणार नाही याची हमी कोण देणार?

गोलखांब

‘वाईट’वर जरा थांबायला हवं, कारण खरी गडबड तिथेच आहे. चाहते या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी कोंबतात आणि मग एकमेकांशी भांडत बसतात. मराठीत त्या चारही तक्रारींना वेगळे शब्द आहेत, ते वापरले तर निम्मा वाद जागच्या जागी मिटतो.

ज्याचा वकूबच या पातळीचा नाही तो सुमार. स्केटिंग कमी, पक (खेळायची रबरी चकती) हाताळणं कमी, खेळाचं वाचन कमी. बचावपटू जोडीजोडीने उतरतात. अशा खेळाडूला प्रशिक्षक तिसऱ्या, सगळ्यात कमी खेळणाऱ्या जोडीत ठेवतो, सामन्यात बारा-तेरा मिनिटं देतो. तो फारसा कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून ‘आजवरचा वाईट’ या यादीत सुमार खेळाडू क्वचितच वर येतात. वर येतात ते पहिल्या जोडीतले, रोज तेवीस-चोवीस मिनिटं बर्फावर असणारे.

ज्याच्या हातून काम नीट पार पडत नाही त्याचं खेळणं गचाळ. ‘गचाळ क्षेत्ररक्षण’ वाचून वाचून हा शब्द आपल्या कानात मुरलाय. जागा बरोबर, निर्णय बरोबर, पण पास उशी मारल्यासारखा, पक स्टिकवरून उडालेला. ढिसाळ मात्र मी एका खेळाडूला लावणार नाही. ढिसाळ असतो कारभार, ढिसाळ असतो संघाचा बचाव. त्यात दोष रचनेचा असतो.

आणि चौथा बेभरवशाचा. हा शब्द निळी रेषा यांच्या यादीत नाही, पण टोरंटोच्या वादात सगळ्यात जास्त लागणार तो हाच. पंचवीस सामने देखणे खेळेल आणि सव्विसाव्याला, तेही नेमक्या बाद फेरीच्या मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात, पक प्रतिस्पर्ध्याला आंदण देईल.

जेक गार्डिनर घ्या. २०१७-१८च्या नियमित मोसमात त्याचे ५२ गुण, म्हणजे गोल आणि गोलसाहाय्य मिळून. बचावपटूसाठी हा उत्तम आकडा. मग २५ एप्रिल २०१८, बोस्टनमध्ये पहिल्या फेरीचा सातवा सामना. तीनपैकी दोन सत्रांनंतर लीफ्स ४-३ असे पुढे. शेवटी हरले ७-४, आणि गार्डिनरच्या नावापुढे उणे ५. त्या रात्रीपासून त्याला ‘वाईट’ म्हणणारे हजारो. ५२ गुणांच्या खेळाडूला सुमार म्हणता येत नाही. बेभरवशाचा म्हणा, तक्रार अचूक होईल.

दुसरी जोडी

‘उणे ५’ वाचकाला समजेल का? क्रिकेटच्या वाचकाला हा आकडा अनोळखी आहे, म्हणून पहिल्या उल्लेखाबरोबर खुलासा द्यायला हवा. शब्द म्हणून ‘अधिक-उणे’ उत्तम. तापमान आपण ‘उणे पाच अंश’ म्हणतोच. ‘मायनस’ची गरज नाही.

नियम असा. दोन्ही संघांचे खेळाडू सारखे असताना गोल झाला, की त्या क्षणी बर्फावर असलेल्या गोल करणाऱ्या संघाच्या प्रत्येक खेळाडूला अधिक एक, समोरच्या प्रत्येकाला उणे एक. एक खेळाडू कमी असलेल्या संघाने गोल केला तरी हेच. पण प्रतिस्पर्धी शिक्षेवर बसल्यामुळे एक खेळाडू जास्त आहे आणि तेव्हा त्याच संघाने गोल केला, तर कुणालाही काही नाही. या शेवटच्या स्थितीला इंग्रजीत ‘पॉवर प्ले’ म्हणतात. मराठीत तो शब्द तसाच टाकू नका. आपला वाचक लगेच तीस यार्डांचं वर्तुळ डोळ्यांपुढे आणतो. ‘एक खेळाडू जास्त असताना’ असं सरळ लिहा.

या आकड्याचा सर्वांत मोठा बळी बिल मिकेलसन. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा १९७४-७५चा पहिलाच मोसम. ८० सामन्यांत ८ विजय, ६७ पराभव, ५ बरोबरी. ४४६ गोल खाल्ले, म्हणजे दर सामन्याला साडेपाचाहून जास्त. मिकेलसन ५९ सामने खेळला आणि उणे ८२वर थांबला. एका मोसमातला एनएचएलचा नीचांक आजही हाच. त्याच संघात ग्रेग जोली होता, १९७४च्या नवोदित निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला. तो ४४ सामन्यांत उणे ६८. सामन्यामागे भागून पाहिलं तर जोलीचा आकडा मिकेलसनपेक्षाही खाली जातो, पण नाव निघतं मिकेलसनचंच.

इथे ‘वाईट बचावपटू’ लिहिणं मला अन्याय वाटतो. त्या संघाला गोलच होत नव्हते (सबंध मोसमात १८१), मग ‘अधिक’ मिळणार कुठून? गोलखांब यांचा शब्द वापरायचा तर संघ ढिसाळ होता आणि उणे खेळाडूंच्या खाती जमा झाले. दुसऱ्या टोकाला बॉबी ऑर, १९७०-७१मध्ये अधिक १२४. ऑर अद्वितीयच, पण त्याचा बोस्टनचा संघही त्या मोसमात गोलांचा पाऊस पाडत होता.

‘बचावपटू’ दोघांनाही चालतो हे अनुस्वार यांनी म्हटलंय, त्याला जोड म्हणून: मिकेलसनची मुलगी मेगन हीसुद्धा बचावपटूच. कॅनडाकडून २०१० आणि २०१४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं.

निळी रेषा

सुमार, गचाळ, ढिसाळ, बेभरवशाचा ही विभागणी पटली. आता लॅरी मर्फी कुठे बसवायचा? टोरंटोत घरच्या प्रेक्षकांनीच त्याच्याविरुद्ध ‘बू’ केलं. पक त्याच्या स्टिकला लागला रे लागला की सुरू. ‘बू करणे’ लिहायला जीव होत नाही.

अनुस्वार

हुर्यो उडवणे. घरच्या मैदानावर आपल्याच माणसाची हुर्यो उडवली. याहून नेमका शब्द शोधू नका. ‘निषेध’ फार सभ्य, ‘टवाळी’त आवाज नाही.

गोलखांब

मर्फीला तर चारपैकी एकही शब्द लागत नाही. १९९५-९६मध्ये लीफ्ससाठी ६१ गुण. तक्रार काय, तर तो संथ दिसतो. संथ होताच, पण जागा इतकी आधी ओळखायचा की त्याला धावावं लागायचं नाही. मार्च १९९७मध्ये लीफ्सनी त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. तिथे निकलास लिडस्ट्रॉमच्या जोडीला खेळून १९९७ आणि १९९८ असे लागोपाठ दोन स्टॅनली चषक. पिट्सबर्गबरोबरचे १९९१ आणि १९९२चे धरून चार. २००४मध्ये हॉल ऑफ फेममध्ये. अशा माणसाला ‘वाईट’ लिहिणारं वाक्य शुद्धलेखनाने बरोबर असेल, मजकुराने चूक आहे. ‘प्रेक्षकांना नकोसा’ एवढंच म्हणता येईल.

आडवा पास

आत्तापर्यंत विशेषणं झाली. पण बचावपटू कशात चुकतो हे सांगणारी क्रियापदं नसतील तर विशेषण हवेत राहतं. माझ्याकडून काही.

पहिलं अंतर. समोरून येणारा आक्रमक आणि मागे सरकत स्केटिंग करणारा बचावपटू यांच्यातलं अंतर निळ्या रेषेपाशी, म्हणजे बचावाचं क्षेत्र जिथे सुरू होतं तिथे, एका स्टिकच्या आसपास हवं, म्हणजे साधारण पाच फूट. त्याहून जास्त ठेवलं की आक्रमक आरामात आत शिरतो आणि बचावपटूलाच पडद्यासारखा वापरून त्याच्या पायांमधून फटका मारतो. गोलरक्षकाला पक दिसतच नाही. फार कमी ठेवलं तर एका झटक्यात बाजूने निसटतो. यासाठी ‘अंतर राखणे’ आणि ‘अंतर सुटणे’ पुरेसं आहे. ‘गॅप कंट्रोल’ नको.

दुसरं, एकासमोर दोन. दोन आक्रमक एका बचावपटूवर चालून आले तर त्याचं काम पास अडवणं. फटका गोलरक्षकावर सोपवायचा. जो फटक्याकडे धावतो त्याच्या पाठीमागून आडवा पास जातो आणि गोलचा सहा फुटांचा जबडा मोकळा मिळतो. इथे ‘गाफील’ म्हणू नये, तो गाफील नसतो. तो भुलतो.

तिसरं, आपल्या कोपऱ्यातला पक आणायला जाणं. पकपाशी पोचण्याआधी एकदा, शक्यतो दोनदा, खांद्यावरून मागे पाहायचं असतं: अंगावर कोण येतंय, साथीदार कुठे आहे. जो पाहत नाही तो मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आदळतो किंवा घाबरून पक थेट मधोमध ढकलतो. २००५-०६पासून गोलरक्षकाला गोलमागच्या ठरावीक चौकोनाबाहेर, कोपऱ्यात जाऊन पक खेळायची मनाई झाली, तेव्हापासून हे ओझं बचावपटूंवर वाढलं. त्याच मोसमापासून ‘आइसिंग’ करणाऱ्या संघाला, म्हणजे मधल्या रेषेअलीकडून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार फेकणाऱ्याला, त्या थांब्यावर खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेली जोडी तशीच अडकते. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्यामुळे राखीव बाक आपल्या गोलपासून लांब पडतो, म्हणून तिथे हे जास्त होतं. अशा वेळी खाल्लेल्या गोलला ‘गचाळ’ म्हणण्याआधी ती जोडी किती वेळ बर्फावर होती ते बघा. नेहमीची पाळी चाळीस-पन्नास सेकंदांची. दीड मिनिट झालं असेल तर पाय संपलेले असतात. माझ्या मते शब्द ‘कोंडीत सापडले’.

दुसरी जोडी

‘पिंच’ला काय म्हणाल? समोरच्या क्षेत्रात निळ्या रेषेवरचा बचावपटू पक आत ठेवण्यासाठी फळीलगत खाली झेपावतो, ते.

आडवा पास

‘झेप घेणे’ चालेल. चुकली तर ‘झेप फसली’. त्यामागून लगेच एकासमोर दोन होतात, हे पुढच्या वाक्यात सांगावं. फसलेली झेप आणि फसलेला बचाव एक नव्हे. पुष्कळदा तिथे आघाडीवीराने मागे येऊन जागा भरायची असते, ती रिकामी राहिलेली असते.

निळी रेषा

शेवटचा एक शब्द: स्वयंगोल. स्टीव्ह स्मिथबद्दल वापरावा का? टोरंटोचा नाही, एडमंटनचा.

गोलखांब

३० एप्रिल १९८६, कॅल्गरीविरुद्ध सातवा सामना, तिसरं सत्र, २-२. नवोदित स्मिथने आपल्याच गोलमागून आडवा पास टाकला, तो गोलरक्षक ग्रँट फ्यूरच्या पायाला लागून आत गेला. एडमंटन ३-२ हरलं. त्या दिवशी स्मिथचा तेविसावा वाढदिवस होता. आइस हॉकीच्या गुणपत्रकात स्वयंगोल नसतो, पकला शेवटचा स्पर्श केलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या नावावर गोल लागतो. इथे तो पेरी बेरेझनच्या नावावर लागला, आणि गोल झाला तेव्हा तो बाकावर परतलेला होता. म्हणून बातमीत ‘स्वयंगोल’ लिहा, वाचकाला तोच समजतो, पण आकडेवारीच्या तक्त्यात बेरेझन.

स्मिथला ‘वाईट’ म्हणण्याचा मात्र प्रश्नच नाही. पुढच्या वर्षी एडमंटनने चषक जिंकला तेव्हा कर्णधार वेन ग्रेट्झकीने तो आधी स्मिथच्या हाती दिला.

अनुस्वार

मग त्याच्यासाठी ‘घोडचूक’. चूक मोठी, ती करणारा मोठा खेळाडू असू शकतो, आणि दोन्ही एका वाक्यात राहू शकतात: ‘स्मिथची घोडचूक एडमंटनला महागात पडली.’ ‘घोडचुका करणारा’ असं अनेकवचन मात्र त्याला लावू नये.