‘लिगंड’ला काय म्हणावं? (आणि फळमाशी की चिलट?)

दादर: अकरावीच्या मुलांसाठी एका लेखाचं मराठी करतेय. फळमाशीच्या (ड्रॉसोफिला) खाण्यात औषध मिसळलं की ठरावीक जनुक चालू होतं, असा विषय. ‘लिगंड’ला, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या अशा रेणूला, ‘बंधक’ लिहू का?

कुलाबा: नको. कुणाला गहाणखत आठवेल, कुणाला ओलीस. लॅटिन ‘लिगारे’ म्हणजे बांधणं, हे खरं; पण बांधलं जाणं हे त्याचं अर्धंच काम. चिकटल्यावर पुढे काय होतं ते महत्त्वाचं.

दादर: मग ‘किल्ली’?

कुलाबा: जीनस्विच या पद्धतीपुरती चालेल. यीस्टचं गॅल४ प्रथिन माशीत घालून हव्या त्या पेशींत हवं ते जनुक चालवायची युक्ती ब्रँड आणि पेरिमन यांनी १९९३ साली मांडली. पेशी निवडता आल्या, वेळ नाही. मग २००१ मध्ये माशीत जीनस्विच आली: गॅल४चा डीएनए धरणारा तुकडा मानवी प्रोजेस्टेरॉन-ग्राहीच्या (हे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) बदललेल्या तुकड्याला जोडलेला. आता मिफेप्रिस्टोन हे औषध खाऊ घातलं की जनुक चालू. गंमत म्हणजे माणसात हेच औषध तो ग्राही अडवतं! पण क्यू-पद्धत या दुसऱ्या युक्तीत क्विनिक आम्ल दिलं की जनुक चालवणाऱ्या क्यूएफ प्रथिनाला दाबून ठेवणाऱ्या क्यूएस प्रथिनाचा जोर जातो. ही किल्ली नव्हे, हँडब्रेक सोडणं झालं. टेट-ऑफ या तिसऱ्या पद्धतीत तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की जनुक बंद.

परळ: किल्लीने कुलूप लावताही येतं की.

कुलाबा: मान्य, पण हँडब्रेकचं काय? लिगंड तसाच ठेवा. ‘स्विच’ला मात्र ‘कळ’ फार छान. कळ दाबली, दिवा लागला.

परळ: आणि पोटातली कळ? भांडणाची कळ?

कुलाबा: संदर्भ असतो हो. जनुक चालू होण्याला म्हणतात ती ‘अभिव्यक्ती’ तर याहून वाईट, मुलांना आधी स्वातंत्र्यच आठवतं. तरी रुळलीय.

बोरिवली: मूळ गाव देवगड, म्हणून सांगतो. आमच्याकडे फळमाशी म्हणजे हापूसमध्ये अळी करणारी, बॅक्ट्रोसेरा. तुमची ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यांवरचं चिलट. लेख वाचून बागायतदार फवारणीच विचारतील.

कुलाबा: बरोबर. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींनी ज्यांच्यावर वास-चवीचं काम उभं केलं, तीही हीच चिलटं. आम्ही लॅबमध्ये नुसतं ‘माश्या’ म्हणतो: ‘माश्या फ्लिप केल्यास का?’, म्हणजे ताज्या खाण्याच्या नव्या बाटलीत हलवल्यास का.

दादर: ठीक. लिगंड राहू दे; पहिल्यांदा येईल तिथे ‘प्रथिनाला चिकटून त्याचं वागणं बदलणारा रेणू’ असं लिहिते. चिलटासाठी संपादकांशी भांडावं लागेल.