सिंहासनं दोन, सोनं एकाचं: एलिगियुसचा ‘चमत्कार’

कानस: सातव्या शतकातला फ्रान्समधला सोनार, पुढे नॉयोंचा बिशप झालेला संत एलिगियुस याच्यावरची कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे, तेव्हा फ्रान्सवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या दुसऱ्या क्लोथार राजानं एका सिंहासनापुरतं सोनं दिलं, यानं ‘चमत्कारानं’ दोन घडवली, आणि त्यातलं एक आजही पॅरिसात आहे! पॅरिसातलं ‘दागोबेरचं सिंहासन’ (दागोबेर हा क्लोथारचा मुलगा) कांस्याचं आहे हो. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट-डेनी मठाचा मठाधिपती सुजेर यानं ते दुरुस्त केलं. एलिगियुसचं नाव परंपरेनं चिकटवलेलं.

आणि चमत्कार कुठला? त्याच्या मित्रानं लिहिलेल्या चरित्रात तो स्वतःच म्हणतो, उरलेलं सोनं वाया जाऊ नये म्हणून दुसरं केलं. बाकीचे कारागीर ‘कानशीनं खाल्लं, भट्टीनं गिळलं’ म्हणून तूट दाखवायचे. कानशीचा कीस झेलून टाकणखार घालून मुशीत पुन्हा आटवला, तर घट नगण्य.

जुनापोथीवाला: घट वाचवून सोनं दुप्पट होतं होय? कीस झेलून फार तर चिमूटभर वाचेल. म्हणजे अंदाज देणारा अडाणी, नाहीतर पत्रा पातळ.

कानस: अंदाजच चुकला, तेच म्हणतोय. राजाच्या मनातलं काम करणारा कारागीर दरबारात नव्हता, म्हणून तर खजिनदार बोब्बोनं याचं नाव सुचवलं. अशा ठिकाणी सोनं सढळ हातानंच मोजतात.

तिसरी_बाजू: ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ म्हणणाऱ्यांना प्रामाणिक सोनार दिसला की चमत्कारच वाटणार! हा लिमोजच्या टांकसाळीतल्या अब्बोकडे शिकलेला माणूस. पुढे याच्या नावाचा ठसा राजाच्या नाण्यावर आहे: ट्रेमिसिस, म्हणजे सोन्याचं छोटं नाणं, साधारण 1.3 ग्रॅम. वजन आणि कस दोन्हींची जबाबदारी अंगावर.

जुनापोथीवाला: त्याच नाण्यांतलं सोनं पुढे पातळ होत गेलं आणि इ.स. 670 च्या सुमारास चांदीची नाणी आली. प्रामाणिकपणाचा महिमा!

तिसरी_बाजू: तो 660 त वारला. मेल्यानंतरचा कसही त्याच्याच माथी?

गोमेद: तुम्ही वजनावरच भांडा. सेंट-डेनीच्या मठासाठी त्यानं केलेल्या क्रुसाचा उरलेला तुकडा पाहिलात का? सोन्याच्या उभ्या पट्ट्यांची घरं, त्यात कापलेले लाल खडे आणि रंगीत काच. या शैलीत पारदर्शक खड्याखाली जाळीचे ठसे पाडलेला सोन्याचा पातळ पत्रा घालतात. तो नसला तर खडा काळपट दिसतो. फ्रँकांचे असले खडे आधी भारत आणि श्रीलंकेतून जायचे.

जुनापोथीवाला: आला, भारताचा डंका! इ.स. 600 नंतर तो पुरवठा आटला आणि बोहेमियाचे बारके खडे आले. एलिगियुसची कारकीर्द त्यानंतरची.

गोमेद: जुना माल मोडून खडे पुन्हा वापरायचे, हे सोयीनं विसरलात. शिवाय मी ‘जायचे’ म्हटलंय, ‘याच क्रुसात आहेत’ असं नाही. नीट वाचा.

जुनापोथीवाला: वाचलं. पण चरित्र तरी मूळ रूपात आहे का? लिहिलं त्याच्या मित्रानं, रूआँचा बिशप ओदोएन यानं. हाती आहे ती आठव्या शतकात फिरवलेली प्रत. घोड्याचा पाय तोडून नाल ठोकून परत जोडल्याची कथा तर तिच्यातही नाही, ती कितीतरी नंतरची. पण त्याला आपला संत मानणाऱ्या नालबंदांना तीच प्यारी.

कानस: मान्य. तरी गुलाम सोडवण्याचा भाग बघा. वीस-तीस, कधी शंभर जण एकदम विकत घ्यायचा, राजासमोर नाणं उडवून मुक्तीचा दस्तऐवज द्यायचा, मग घरी जा, माझ्याकडे राहा किंवा मठात जा असा पर्याय द्यायचा. नाणं उडवण्याची रीत फ्रँक कायद्यातलीच.

जुनापोथीवाला: बरं, तेवढं धरतो. सिंहासनाचं मात्र ‘पत्रा पातळ’ हेच माझं मत, आणि कुणी वजनाचा आकडा दाखवेपर्यंत ते हलणार नाही.