मदत हवी आहे: तलाव पाडून नवं संकुल होणार, तोवर पोरांनी पोहायचं कुठे?

तापीकाठ: राम राम मंडळी. जरा घाईचं आहे. आमच्या इथला जुना जलतरण तलाव, लागून असलेली व्यायामशाळा आणि बॅडमिंटनचा पत्र्याचा हॉल, तिन्ही पाडून तिथंच एक मोठं संकुल होतंय. गेटवर कागद चिकटवलाय, ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’. किती दिवस विचारलं तर खिडकीवाला म्हणतो वर जा, वर गेलं की साहेब साइटवर. मुलगी बॅकस्ट्रोक करते, शालेय स्पर्धा तोंडावर आल्या. अर्ज कुणाच्या नावे करू?

केळीचा_घड: भाऊ, तुमनं गाव कोनतं शे ते त सांगा! महापालिका का नगरपरिषद?

तापीकाठ: नगरपरिषद, जळगाव जिल्हा. गावाचं नाव नको, पोरीला पुढेही तिथंच पोहायचंय.

वकीलकाका: विकास योजनेत, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, बदल असेल तर एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना), १९६६, कलम ३७. हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. आजच हरकत टाका.

फाइलवाली: काका, दर धाग्यावर तुमचं ३७ असतंच. तलावाच्या जागी तलावच होणार असेल तर बदल कसला? तापीकाठ, त्या कागदावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का? सही कुणाची? निविदा निघाली का?

विहीरवाले_आप्पा: आम्ही पाठीला रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकलो. फी नाही, पास नाही. पोरीला सुट्टीत गावी पाठवा.

तापीकाठ: आप्पा, तिला पोहता येतं हो. तिला भिंतीवर पाय मारून वळायचं असतं, डोक्यावर झेंड्यांची दोरी लागते, म्हणजे हात मोजून भिंत कळते. विहिरीत उताणी पोहून डोकं कुठे आपटायचं?

विहीरवाले_आप्पा: बरं बाबा. चांगलं सांगायची सोय नाही.

धुळेकर_भो: उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तुम्हाला तलाव हवेत! आधी प्यायचं बघा.

फाइलवाली: तलाव रोज भरत नाहीत हो. २५ बाय साडेबारा मीटर, सरासरी दीड मीटर खोल धरला तर पावणेपाच लाख लिटरच्या आत बसतो. तेच पाणी गाळून, क्लोरीन टाकून फिरवतात. रोज भर घालायची ती उडून गेलेल्या आणि फिल्टर धुण्यात गेलेल्या पाण्याची. आपल्या मे महिन्यात तीही कमी नसते, हे मान्य.

स्नेहल_भुसावळ: ताईच्या केसांना आधी खोबरेल लावून मग टोपी घालायला सांगा. क्लोरीनने केस झाडूसारखे होतात.

लालमाती: तलाव-तलाव काय लावलंय? व्यायामशाळेतल्या आखाड्याचं काय? नव्या नकाशात एसी जिम दिसेल, माती दिसणार नाही. मॅटवर लढणाऱ्यांनाही लहानपणी माती लागतेच.

धुळेकर_भो: मातीवरच्या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये कोण विचारतं?

लालमाती: आमच्या जत्रेत विचारतात. या एकदा.

तापीकाठ: भांडण बाजूला ठेवा रे. जावक क्रमांक नाही, तारीख नाही, सहीच्या जागी शिक्का. फाटकाशेजारच्या बोर्डावर नव्या इमारतीचं चित्र आहे, खाली रस्त्याच्या बाजूने शटर दिसतात.

वकीलकाका: गाळे! बघा, मी म्हणत होतो.

फाइलवाली: हे आधी सांगायचं ना. काका, आता तुमचं ऐकू, पण नगररचना विभागात त्या जागेचं आरक्षण बघितल्यावर. गाळे त्यात बसतात का, तिथं कळेल. तापीकाठ, तुमचं उत्तर निविदेत आहे. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, नगरपरिषदेचं नाव टाकून शोधा. कामाची मुदत, आधी काय पाडायचं, टप्पे आहेत का, सगळं त्यात असतं. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या: जुना तलाव शेवटच्या टप्प्यात पाडा, नाहीतर पर्यायी सोय लेखी कळवा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वेगळा माहिती अधिकार अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्याच्या नियमात दीडशे शब्द आणि एकच विषय, म्हणून त्यात आखाडा घुसडू नका. उत्तराला ३० दिवस.

लालमाती: आखाड्याचा मी वेगळा टाकतो.

तापीकाठ: निविदा सापडली! मुदत १८ महिने, पाडकाम पहिल्या टप्प्यात. तलावासोबत ‘बँक्वेट हॉल’ पण आहे. स्पर्धा काय १८ महिने थांबणार?

केळीचा_घड: बँक्वेट म्हणजे लग्नं. सुटीच्या दिवशी तलावावर डीजे.

फाइलवाली: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रशिक्षकांनाच सोबत घेऊन जा, एकट्या पालकाला टोलवतात. सगळ्या पोरांची यादी, शाळेचं पत्र, स्पर्धेची प्रमाणपत्रं न्या. जवळ खासगी शाळेचा किंवा क्लबचा तलाव असेल तर सकाळचा एक तास मागा. पंचवीस मीटर आहे का, ते मात्र टेपने मोजून घ्या.

स्नेहल_भुसावळ: आणि तेल जास्त लावू नका, टोपी घसरते.

तापीकाठ: सोमवारी प्रशिक्षकांना घेऊन जातो. एका शाळेत तलाव आहे असं ऐकलंय. कुणाला तिथली फी माहीत आहे का?

केळीचा_घड: कोनती शाळा, ते त सांगा!