'कम्पॅशन फटीग'ला मराठीत काय म्हणावं?

डिचोलीकर: कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरांसाठी दोन पानी मराठी टिपण लिहितेय. 'कम्पॅशन फटीग'पाशी, म्हणजे दुसऱ्यांचं दुःख सतत जवळून पाहून येणाऱ्या थकव्यापाशी, गाडी अडली. 'करुणाक्षय' कसा वाटतो?

फोंडेकर: भारदस्त आहे, पण 'क्षय' म्हटलं की वॉर्डात आधी टीबीच आठवणार. शिवाय करुणा झिजली म्हटलं की ठपका सिस्टरवर येतो, आणि तो आधीच पुष्कळ येतो. केमोला तोच पेशंट दर दोन-तीन आठवड्यांनी हजर. कुठल्या हाताची शीर सापडते इथपासून धाकटीची दहावी कधी इथपर्यंत सगळं तिला पाठ होतं. मग एके दिवशी यादीत त्याचं नाव नसतं, आणि त्याच खाटेवर दुसऱ्याला सलाईन लावायचं असतं. असं वर्षानुवर्षं. हळूहळू ती कामापुरतंच बोलू लागते आणि नातेवाईक म्हणतात, काय निगरगट्ट बाई आहे!

'बर्नआउट', म्हणजे कामानेच पार थकून जाणं, मात्र यात मिसळू नका. तो शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केला. त्यामागे कामाचा बोजा, अपुरी माणसं, लागोपाठच्या नाइट ड्युट्या. कम्पॅशन फटीग येतो तो दुसऱ्याचं दुःख जवळून पाहून पाहून. नर्सिंगच्या लेखनात तो १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी आणला. एकीला दोन्ही असू शकतं, पण वॉर्डात माणसं वाढवली म्हणून दुसरं आपोआप जाईल असं नाही.

माझं मत 'सहवेदनेचा थकवा'ला.

पेडणेकर: इतकं कशाला? आमच्याकडच्या बाया सरळ 'वाज आयलां' म्हणतात.

फोंडेकर: कोकणीतला 'वाज' म्हणजे कंटाळा, वैताग. वैतागलेल्या माणसाला निदान काहीतरी वाटत असतं. इथे 'काही वाटेनासं होणं' जास्त जवळचं. शीर्षकाला चालणार नाही, पण पहिल्या ओळीत तेच घाला.

डिचोलीकर: मग अशी सुरुवात करते: 'ड्युटीवर हल्ली काही वाटेनासं झालंय का? की घरी गेल्यावरही तोच पेशंट डोळ्यांसमोर येतो?' शीर्षक 'सहवेदनेचा थकवा'. 'करुणाक्षय' खोडला. फक्त ते 'की' खटकतंय, दोन्ही उलटच आहेत ना?

फोंडेकर: 'की' काढा, प्रश्न दोन्ही ठेवा. एकच सिस्टर सोमवारी पहिल्याला हो म्हणेल आणि गुरुवारी दुसऱ्याला.