मदत हवी आहे: माहं फेसबुक हॅक झालं, लवकर सांगा

कपाशी_दारव्हा: सकाळपासून फोनवर फोन. फेसबुक हॅक झालं. पासवर्ड ३ वेळा बदलला तरी मेसेज जाऊनच राहिले. परवा बहिणीचं साक्षगंध आहे, घरात पाहुणे. लवकर उपाय सांगा.

सांबारवडी: कोणाले जाऊन राहिले? तुमच्या मेसेंजरमधे ते पाठवलेले दिसतात का?

निवृत्त_मास्तर: सर्वप्रथम आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या अ‍ॅपमधून होतं. मी अख्ख्या घराचं केलं आहे.

कपाशी_दारव्हा: मेसेंजरमधे काहीच नाही. मामेभावाले आला, "कृपया तातडीने ५००० रुपये पाठवावेत, मी रुग्णालयात आहे." मी तं वावरात! मामेभाऊ म्हणे, तू कधीपासून कृपया म्हणाले लागला?

सांबारवडी: मंग हॅक नाही झालं. तुमचा फोटो उचलून दुसरं खातं काढलं कोणीतरी. पासवर्ड बदलून त्याले काय होते?

कपाशी_दारव्हा: नाव टाकून पाहिलं, मले दिसतच नाही.

सांबारवडी: ब्लॉक केलं असन तुम्हाले. मामेभावाले त्या खात्याची लिंक अन् स्क्रीनशॉट आधी घ्याले सांगा, मंग तीन टिंबं दाबून रिपोर्ट. उलटं केलं तं पुरावा जाईन.

ठेचा_भाकर: फेसबुकच उडवा राजेहो. मी २०१९ मधे सोडलं, झोप मस्त लागते.

सांबारवडी: खरं खातं उडन अन् खोटं राहीन. वा!

निवृत्त_मास्तर: आधार लॉक केलं का?

ठेचा_भाकर: मास्तर, आमच्या आजीचं केलं होतं. राशन दुकानात अंगठाच लागेना, रिकामी पिशवी घेऊन वापस.

निवृत्त_मास्तर: जाण्याआधी अनलॉक करायचं असतं. तुमच्या विसरण्याचा दोष आधारला कशाला?

माती_माणूस: दारव्ह्यात सोयाबीन काय भाव चालू आहे?

सांबारवडी: पैसे कोणी टाकले का, तेवढं सांगा.

कपाशी_दारव्हा: काकानं टाकले. ९ वाजता. ५०००.

सांबारवडी: हे आधी सांगाव ना बाप्पा! काकाले आत्ताच १९३० लावाले सांगा, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे ती. पैसे काकाच्या खात्यातून गेले, तं तक्रार काकाचीच. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, हाताशी ठेवा. त्यानं पैसे पुढं काढाच्या आत अडले तं अडले.

कपाशी_दारव्हा: काका भेत आहे. पोलीस घरी येतीन का? पाहुण्याइसमोर बरं नाही दिसत.

सांबारवडी: फोनवर तक्रार लिहून घेतात. असं सोंग घेऊन फसवणं आयटी कायद्याच्या ६६ड मधे बसते, ३ वर्षांपर्यंत कैद. भ्याचं त्यानं, काकानं कायले? बरं, काका अन् मामेभाऊ त्याले कसे सापडले? पब्लिक काय टाकलं होतं?

कपाशी_दारव्हा: साक्षगंधाची पत्रिका. अन् काकाचा १९३० लागला, तक्रार नंबर आला.

सांबारवडी: पत्रिकेत नावं?

कपाशी_दारव्हा: सगळ्याइचे. मोबाईल नंबरसुद्धा.

सांबारवडी: काढा ते. फ्रेंड लिस्टही "फक्त मी" करा.

कपाशी_दारव्हा: पत्रिका कशी काढू? लोक म्हणतीन, बोलावून वापस घेतलं.

सांबारवडी: नंबर झाकून परत टाका. पब्लिक नका ठेवू.

माती_माणूस: भाव सांगा ना कोणी.